लुगड्याला खिसा नसतो

आपल्या पोशाखावर लिहिणारे विद्वान काठ, पदर, रंग, इरकल आणि पैठणी यांवर पानंच्या पानं लिहितात. एक साधी गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे लुगड्याला खिसा नसतो. पुरुषाच्या कोटाला बाहेरून दोन, आतून एक, आणि बंडीला शिवाय चोरखिसा. आपल्याला काय, तर कनवट, ओचा, पोलक्याचा गळा आणि पदराची गाठ. किल्ल्या कमरेला, सुट्टे पैसे कनवटीला, बस्तीत वाहायचे तांदूळ आणि लवंगा रुमालाच्या पुरचुंडीत. एवढ्यावर बायकांनी शेकडो वर्षं संसार केला. नवऱ्याला न कळता साठवलेली चिल्लर लपवली, माहेरून आलेली चिठ्ठी लपवली. आणि याच कपड्यांत, तेही समारंभाच्या चांगल्या कपड्यांत, काहीजणींनी पिस्तूल लपवलं. त्यांची हकिकत आपल्या मंडळांत फारशी सांगितली जात नाही. का सांगितली जात नाही, ते पुढं येईलच.

आधी तलवारीचं बोलू, कारण आपल्या भागात शस्त्रधारी बाई म्हटली की तलवारच डोळ्यांपुढं येते. बेळगावात चन्नम्मा सर्कलवरून आपण कितीदा जातो! कित्तूरच्या राणीची फौज २३ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्रजांशी लढली आणि त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढं राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहून १८२९ मध्ये वारली. तिची तलवार उघडी आहे, सगळ्यांना दिसावी अशी. तलवारीचं कामच मुळी दिसण्याचं. हातात तलवार असलेली राणी सांगते, की मी इथं उभी आहे, या.

पिस्तुलाचं उलट. ते दिसलं की त्याचा निम्मा उपयोग संपला. त्यातून १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हिंदी माणसानं बंदूक बाळगायची नाही, गोऱ्या साहेबाला मात्र सूट. तेव्हापासून आपल्या देशात हत्यार ही लपवायची वस्तू झाली. आणि लपवायचं म्हटल्यावर, आपल्याइतका सराव कुणाला आहे?

तरीही सोपं नाही बरं. अर्धा किलो गुळाचा खडा ओच्यात घालून घरातल्या घरात चालून बघा, म्हणजे कळेल. निऱ्या खाली ओढल्या जातात, चाल बदलते, हात आपोआप पोटाशी जातो. जिला सवय नाही तिचा चेहराच सांगेल की काहीतरी आहे. मग या मुलींचं कसं जमलं?

६ फेब्रुवारी १९३२. कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, सिनेट हॉल भरलेला. कुलपती म्हणून बंगालचे गव्हर्नर सर स्टॅन्ले जॅक्सन आलेले. हे गृहस्थ तरुणपणी नामांकित क्रिकेटपटू होते, १९०५ साली इंग्लंडच्या संघाचे कप्तान. पदवी घ्यायला बसलेल्यांत डायोसेसन कॉलेजची बीना दास ही वीस वर्षांची मुलगी होती. अंगावर सगळ्यांसारखाच पदवीदानाचा गाउन आणि गाउनच्या आत रिव्हॉल्व्हर. गव्हर्नर भाषणाला उभे राहिले तशी ती उठली, पुढं गेली आणि तिनं गोळ्या झाडल्या. पाच. एकही लागली नाही. कुलगुरू हसन सुहरावर्दी यांनी धावत जाऊन तिला धरलं. त्या धरण्याबद्दल त्यांना सरकारनं ‘सर’ केलं, आणि बीनाला नऊ वर्षांची सक्तमजुरी.

मला या प्रसंगातल्या गोळ्यांपेक्षा तो गाउन जास्त विचार करायला लावतो. पदवीचा गाउन हा मुळात पुरुषांचा, तोही विलायती. सैल, पायघोळ, हात हरवतील अशा बाह्यांचा. बाईच्या अंगावर तो आला तो किती भांडणानंतर! शिकायचं की नाही, शिकली तर लग्न कसं होणार, हे सगळं पार करून एखादीच त्या खुर्चीवर पोचायची. आणि जिनं तो गाउन कमावला, तिच्याकडं सभागृहातलं कुणीच संशयानं बघणार नव्हतं. शिकलेली, चांगल्या घरची, रांगेत शांत बसलेली मुलगी. तिचे वडील बेणीमाधव दास म्हणजे सुभाषबाबूंचे कटकच्या शाळेतले लाडके गुरुजी. असल्या मुलीच्या मनात स्वतःचा असा काही बेत असेल, हेच कुणाच्या मनात आलं नाही. कापडानं रिव्हॉल्व्हर झाकलं हे खरं, पण त्याहून जास्त ते झाकलं लोकांच्या समजुतीनं.

ते रिव्हॉल्व्हर तिला आणून दिलं कमला दासगुप्ता या दुसऱ्या मुलीनं. कमला कलकत्त्यात बायकांच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघायची आणि तिथंच क्रांतिकारकांचं सामान ठेवायची. मुलींचं वसतिगृह! तिथं कोण बघायला जातंय? बीनानं तिचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोर्टात मात्र बीनानं मोठं निवेदन दिलं. त्यात ती म्हणाली की जॅक्सन या माणसावर माझा काही राग नाही, आपला राग त्या राज्यव्यवस्थेवर आहे आणि गव्हर्नर तिचा प्रतिनिधी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडं मला परत यायचं आहे.

याच्या दोनच महिने आधी, १४ डिसेंबर १९३१ ला, पूर्व बंगालात कोमिल्ला इथं शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. पोहण्याच्या स्पर्धेसाठी परवानगी हवी, असा अर्ज घेऊन. एक पंधरा वर्षांची, एक चौदाची. थंडीचे दिवस, अंगावर शाली, शालींच्या आत पिस्तुलं. अर्ज वाचायला साहेब बाहेर आला आणि या मुलींनी त्याला गोळ्या घातल्या. तो जागेवर गेला. वय लहान म्हणून फाशी टळली आणि जन्मठेप झाली. सुनीती पुढं सुटून आल्यावर डॉक्टर झाली.

त्यानंतर २४ सप्टेंबर १९३२ ला चितगावजवळ पहाडतळीच्या युरोपियन क्लबवर प्रीतिलता वड्डेदारनं हल्ला केला. ती मात्र साडीत नव्हती. तिनं पंजाबी पुरुषाचा वेश घेतला होता. तुकडीची म्होरकी तीच. पकडलं जाण्याआधी तिनं सायनाइड घेतलं, वय २१. मला वाटतं, इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या बाईला समारंभात किंवा बंगल्यात शिरायचं, तर बाईचाच पोशाख उपयोगी, कारण तिला कुणी मोजत नाही. पण दहाजणांना घेऊन हल्ला करायचा, तर पुरुष दिसावं लागतं, कारण रात्रीच्या रस्त्यावर बाई दिसली की सगळे थांबून बघतात. बायकांना न दिसणं आणि नको तेवढं दिसणं या दोन्हींची सवय आहे. कुठं काय होतं हे प्रीतिलताला पुरतं माहीत होतं.

बंगालचं झालं, आता आपल्याकडं येऊ. डिसेंबर १९२८ मध्ये लाहोर स्टेशनवर एक साहेबी जोडपं गाडीत चढलं. नवरा ओव्हरकोट आणि फेल्ट हॅटमध्ये, बायको उंची साडीत, कडेवर लहान मूल, मागं सामान घेऊन नोकर. नवरा भगतसिंग, बायको दुर्गादेवी व्होरा म्हणजे दुर्गाभाभी, मूल तिचाच शची, आणि नोकर? आपल्या पुण्याजवळच्या खेडचा राजगुरू. साँडर्सच्या वधानंतर सगळ्या लाहोरभर पोलीस होते. भगतसिंगाच्या खिशात भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं. पण पोलिसांना फसवलं ते दुर्गाभाभीच्या साडीनं आणि कडेवरच्या पोरानं. तिचे यजमान तेव्हा कलकत्त्याला गेलेले होते. परपुरुषाची बायको म्हणून पोराला घेऊन रेल्वेत बसायचं, हा निर्णय तिनं एकटीनं घेतला. १९२८ साली! पकडली गेली असती तर फाशीच्या आधी लोकांनी काय काय बोललं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

हीच दुर्गाभाभी दोन वर्षांनी मुंबईत होती. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना ७ ऑक्टोबर १९३० ला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि लगेच दोन दिवसांत लॅमिंग्टन रोडवर मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांत दुर्गाभाभी होती. जखमी झाले सार्जंट टेलर आणि त्याची बायको. ती बाई काय राज्यव्यवस्थेची प्रतिनिधी नव्हती. ती नवऱ्याबरोबर होती, एवढंच. क्रांतिकारकांच्या गौरवाच्या भाषणांत सार्जंटचं नाव येतं, तिचा उल्लेख ‘आणि पत्नी’ एवढाच. मी तरी ती जखम गाळून पुढं जाणार नाही.

आमच्या सीमाभागाला जवळची हकिकत आहे हौसाताई पाटलांची. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही एकुलती एक लेक, सांगलीकडची. साताऱ्याच्या प्रतिसरकारात हिनं काम केलं, आणि तिच्या कामात पिस्तुलापेक्षा डोकं जास्त होतं. १९४३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिनं आणि एका सहकाऱ्यानं नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. नवरा तिला बडवतोय, डोक्यात धोंडा घालायला निघालाय, ती ओरडतेय. पोलीस सोडवायला धावले आणि तोवर मागच्या मागं साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. मार मात्र खरा बसला, आणि त्याबद्दलची तिची कुरकुर नव्वदी ओलांडल्यावरही गेली नव्हती. बाईला रस्त्यात मारलं जातंय हे दृश्य इतकं रोजचं, की त्यात नाटक असेल अशी शंका पोलिसांनाही आली नाही. यावर हसावं की काय करावं!

पुढच्या वर्षी ती गोव्यात गेली. प्रतिसरकारची हत्यारं गोव्यातून यायची. बाळ जोशी नावाचा कार्यकर्ता हत्यारांसह पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडला होता. जी. डी. बापू लाड यांच्याबरोबर हौसाताई त्याला सोडवायला गेली. त्याची बहीण म्हणून तुरुंगात भेटायला गेली, आणि पळून जाण्याचा बेत लिहिलेली चिठ्ठी तिनं अंबाड्यात खोचून नेली. अंबाडा! खिसा नसलेल्या माणसाला देवानं दिलेला खिसा. परत येताना न पकडली गेलेली हत्यारंही बरोबर आणायची होती. पोलिसांनी तिला पाहिलेलं, म्हणून रेल्वे नको, रानवाट धरली. मांडवीला होडी मिळेना. मग एका मोठ्या पेटीवर ती पालथी पडली आणि बाजूनं साथीदार पोहत राहिले, अशी मध्यरात्री नदी ओलांडली. बाळ जोशीही पुढं तुरुंगातून निसटला. हौसाताई २०२१ पर्यंत होत्या. विट्याला जाऊन त्यांच्या पाया पडता आलं असतं, इतक्या जवळच्या काळातली ही गोष्ट.

आणि गोव्याचं नाव निघालं म्हणून सांगते. गोवामुक्तीच्या लढ्यात आपलं बेळगाव काही लांबून बघत बसलं नव्हतं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षं गुप्त नभोवाणी चालवली ती आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून आणि शेवटी बेळगावातून. त्यांच्या हातात ध्वनिक्षेपक होता, पिस्तूल नव्हे. पण जंगलात ट्रान्समीटर घेऊन राहणारी बाई म्हणजे लपवण्याच्याच कलेतली.

आता आमचा प्रश्न. आमच्या, म्हणजे जैन श्राविकांचा.

आमच्या स्वाध्यायात समंतभद्र आचार्यांचा ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ वाचला जातो. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात आणि त्यातला एक आहे ‘हिंसादान’. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्र, साखळी, अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. तो भाग चालू होता तेव्हाच महिला मंडळात स्वातंत्र्यदिनासाठी ‘क्रांतीतील स्त्रिया’ असा कार्यक्रम करायचं ठरत होतं. मी बीना दासचं नाव सुचवलं. एक आक्का लगेच म्हणाल्या, “अगं, आत्ताच आपण काय वाचलं? त्या कमलेनं पिस्तूल दिलं ते हिंसादान, आणि हिनं झाडलं ती हिंसा. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. आपल्या व्यासपीठावर हे कसं काय घ्यायचं?”

प्रश्न खोटा नव्हता. दुसरी एक जण म्हणाली, “विरोधी हिंसा गृहस्थाला चालते की. देशावर संकट आलं तर काय हात जोडून बसायचं काय?”

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगतात. आरंभी म्हणजे चूल, पाणी, केरवारा यातली. उद्योगी म्हणजे शेती-व्यापारातली. विरोधी म्हणजे स्वतःच्या, कुटुंबाच्या, राज्याच्या रक्षणासाठी घडणारी. आणि संकल्पी म्हणजे ठरवून, मारायचंच म्हणून केलेली. गृहस्थाला पूर्ण सोडावी लागते ती संकल्पी. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनीही राजानं शस्त्र रणांगणावरच्या शत्रूवरच उचलावं, दुबळ्यावर नव्हे, असंच सांगितलं आहे. या मोजमापानं पाहिलं तर हौसाताईचं सगळं काम विरोधी हिंसेत, किंबहुना बरंचसं हिंसेच्या बाहेरच बसतं. पण कोमिल्ल्याच्या मुली? अर्ज हातात देऊन, साहेब वाचत असताना गोळी घालणं? बीना? तिनं तर स्वतःच सांगितलं की त्या माणसावर माझा राग नाही. राग नसताना ठरवून मारायला जाणं याला संकल्पी नाही तर काय म्हणायचं? मी त्याला विरोधी हिंसा म्हणणार नाही. देशभक्ती मोठी म्हणून शास्त्रातला शब्द लवचिक करायचा, हे मला पटत नाही. ज्याला जे नाव आहे ते द्यावं.

पण मग मी त्या आक्कांना विचारलं, की आपल्या समाजाच्या सभांत ज्यांच्या फोटोंना हार घालतो त्यांचं काय? सांगलीचा तुरुंग २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि साथीदारांनी फोडला, पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन. त्यात गोळी लागून पडलेला कोवळा अण्णा पत्रावळे आपल्याच समाजातला. सोलापूरकडचे मोतीचंद शहा १९१५ मध्ये खुनाच्या आरोपावरून फासावर गेले. तेही आपलेच. त्यांच्या जयंतीला कुणी रत्नकरंडक काढून बसत नाही. शस्त्र पुरुषाच्या हातात आलं की ते हौतात्म्य, आणि बाईच्या पदराखालून निघालं की लगेच श्रावकाचाराचा श्लोक! मोजमाप लावायचं तर दोघांना लावू, नाहीतर दोघांना हार घालू.

शिवाय आपल्या परंपरेत शस्त्र घेतलेली बाई नाहीच, असंही नाही. श्रवणबेळगोळला आपण डोंगर चढून बाहुबलींचं दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि गाडी पकडतो. तिथंच सावियब्बे नावाच्या श्राविकेचा वीरगळ आहे. नवऱ्याबरोबर ती लढाईला गेली आणि तिथंच पडली. दगडात ती घोड्यावर बसलेली आहे, हातात उगारलेली तलवार, समोर हत्तीवरचा शत्रू. आणि लेखात तिची स्तुती केली आहे ती श्रद्धावान श्राविका म्हणून. ज्यांनी तो दगड उभा केला, त्यांना या दोन गोष्टी एकत्र लिहिताना अडचण वाटली नाही. मंडळातल्या निम्म्याजणी बेळगोळला चार-चारदा जाऊन आल्या होत्या, पण तो दगड एकीनंही पाहिला नव्हता.

हा वाद चालू असताना माझी भाची आली होती. बेळगावात नोकरी, संध्याकाळची पाळी, घरी यायला रात्र. तिनं फोन काढून एक बातमी दाखवली. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत १,२२,३६० रुपये. आणि ते मिळायचं दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून!

“मावशी, हे घेतलं तर?” ती म्हणाली. थट्टेनं म्हणाली, पण सगळी थट्टा नव्हती. शेवटची बस चुकल्यावर स्टँडवर उभं राहणं काय असतं, ते तिचं तिला माहीत.

तिचे वडील सराफ. त्यांच्याकडं दुकानासाठी परवान्याची बंदूक आहे. ते म्हणाले, “बाई, तिला राखायलाच आणि एक माणूस लागतंय बघ. कपाटाला कुलूप, वेळेवर नूतनीकरण, आणि इलेक्शन आलं की ठाण्यात नेऊन जमा करायची. चोर काय इलेक्शन बघून येतोय?”

मला त्या पेटीचा राग आला, अजूनही येतो. बीनाला रिव्हॉल्व्हर मिळालं ते एका बाईनं जीव धोक्यात घालून आणलेलं. इथं सरकार बाईला सांगतंय, की रस्त्यावरचे दिवे, बस, पोलीस हे काही आमच्यानं होत नाही, तू सव्वा लाख काढ आणि मखमलीच्या पेटीतून स्वतःची रक्षा विकत घे. आमच्या बिडीकामगार बायकांनी सव्वा लाख कुठून काढायचे? मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम या बंदुकीनं उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायकांसाठी काम करतात. त्यांनी तेव्हाच याला कडाडून विरोध केला होता. ज्यांनी रोज बंदुका पाहिल्या, त्यांना त्या दागिना वाटत नाहीत. आम्हा निपाणीकरांनाही वाटू नयेत. ६ एप्रिल १९८१ ला इथंच, हमरस्त्यावर, तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ जण गेले. त्या आंदोलनात वखारीतल्या बायकाही रस्त्यावर बसल्या होत्या.

उलट बाजूही सांगायला हवी. आपल्याच राज्यात कोडगूमध्ये कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. सप्टेंबरात कैलपोळ्द सणाला घरातल्या बंदुका फुलं घालून पुजतात, आणि मागं निऱ्या घातलेल्या त्यांच्या ठेवणीतल्या साड्या नेसून बायकाही नारळावर नेम धरतात. सगळं उघड, घरादारासमोर. तिथं बंदूक लपवायची नसते म्हणून ती बाईची गुपित गोष्टही होत नाही. पण तो त्यांच्या कुळाचा आचार आहे. दुकानातून पेटी विकत आणून तो येत नाही.

भाचीला मी एवढंच म्हटलं, की आपल्याकडं परिग्रह म्हणजे नुसतं सोनं-नाणं नव्हे. जी वस्तू जवळ आल्यावर आपलं मन चोवीस तास तिच्यापाशी बसतं, तो परिग्रह. पर्समध्ये ती असताना तू भाजी घेशील, बसमध्ये डुलकी काढशील, बस्तीत पर्स बाहेर ठेवून आत येशील? ती म्हणाली, “मग मी रात्री काय करू ते सांग.” या प्रश्नाला परिग्रहाचं उत्तर पुरत नाही, हे मलाही कळत होतं. शेवटी तिच्या ऑफिसातल्या सहाजणींनी मिळून साहेबांपुढं अर्ज ठेवला, की रात्रीच्या पाळीला गाडी द्या, नाहीतर पाळी बदला. दोन महिने घासाघीस झाली. गाडी मिळाली, पण हत्तरगीपर्यंतच. पुढं तिचे वडील स्कूटर घेऊन येतात.

मंडळाचा कार्यक्रम झाला. हौसाताईंवर एकमत झालं, चन्नम्मा आणि लिबिया लोबोही आल्या. बीनाला जागा मिळाली नाही. मी वाद वाढवला नाही. पुढच्या महिन्यात एका दुपारी माझ्या घरी, ज्यांना ऐकायचं त्यांनी या, असं सांगितलं. आठजणी आल्या, त्यात त्या आक्काही होत्या. मी सगळं सांगितलं. गाउन, पाच गोळ्या, कमलेचं वसतिगृह, स्टीव्हन्सच्या हातातला अर्ज, टेलरची बायको. काहीच गाळलं नाही. बीना १९३९ मध्ये सुटली, बेचाळीसच्या लढ्यात पुन्हा तुरुंगात गेली, १९६० मध्ये तिला पद्मश्री मिळाली, तेही सांगितलं.

सगळं ऐकून झाल्यावर आक्का बराच वेळ गप्प होत्या. त्यांची शाळा चौथीत सुटलेली, नंतर मोठेपणी नातवाच्या पुस्तकांवरून त्या सातवीपर्यंतचं वाचायला शिकल्या. त्यांनी हिंसेचं काहीच विचारलं नाही.

“आणि तिची डिग्री गं?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी घ्यायला गेली होती ती. ती दिली का नाही तिला?”

दिली, म्हटलं. विद्यापीठानं रोखून धरली होती. २०१२ साली दिली, तिला आणि प्रीतिलताला, दोघींना. बीना १९८६ मध्येच हृषीकेशला वारली होती.